आकार फिरवला की बाउंडिंग बॉक्स का फुगतो? व्हेक्टर आकाराची अचूक चौकट काढताना

नागपूरच्या गांधीबागेत साइनबोर्डांचं काम करणारे एक दुकानदार आमचं लेआउट सॉफ्टवेअर वापरतात. मिठाईच्या दुकानासाठी त्यांना सोनेरी ब्रश फिनिशच्या एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीटमधून संत्र्याच्या फोडी कापायच्या होत्या. फोड म्हणजे खाली सरळ रेघ आणि वर कमान, १०० मिमी रुंद आणि ७५ मिमी उंच. ब्रश फिनिशच्या रेघा बोर्डावर तिरप्या दिसायला हव्यात म्हणून प्रत्येक फोड शीटवर ४५ अंशांत फिरवूनच बसवायची, दुसरा कोन चालणार नाही. आठ बाय चार फुटांच्या शीटवर सॉफ्टवेअरने फोडी मांडल्या १२८. दुकानदारांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "भाऊ, फोड तं येवढीशीच हाये, मंग तुमचं सॉफ्टवेअर मधात येवढी जागा कायले सोडून राह्यलं?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. सॉफ्टवेअर प्रत्येक आकार जिच्यात मावतो अशी एक सरळ आडवी-उभी चौकट, म्हणजे बाउंडिंग बॉक्स, धरून मांडणी करतं, आणि ती चौकटच फुगली होती. ही तक्रार आमच्याकडे वेगवेगळ्या रूपांत तीनदा आली. दरवेळी आम्ही एक कारण दुरुस्त केलं आणि काही महिन्यांनी दुसरं कारण डोकं वर काढून उभं राहिलं. व्हेक्टर ग्राफिक्सवर, म्हणजे रेषा-वक्रांच्या गणिताने बनलेल्या चित्रांवर, काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं, म्हणून सगळं एका जागी आणि आकड्यांसकट लिहून ठेवतो.

दुखणं ओळखायचं कसं? आकार सरळ असताना चौकट बहुतेक वेळा बरोबर वाटते. फिरवला, तिरका केला किंवा फिरवलेल्या ग्रुपमध्ये टाकला की चौकट आकारापासून सुटते आणि बाजूंना मोकळी जागा दिसते. काही वेळा उलटंही होतं, म्हणजे टोकदार कोपरा चौकटीबाहेर जातो आणि निर्यात केलेल्या चित्रात कापला जातो. दोन्हींचं मूळ वेगळं आहे. आधी फुगण्याबद्दल.

एकच फोड, तीन चौकटी

फोडीची कमान म्हणजे एक क्युबिक बेझिए वक्र. तिचे चार बिंदू असे: सुरुवात (०, ०), पहिला कंट्रोल पॉइंट (०, १००), दुसरा (१००, १००) आणि शेवट (१००, ०). शेवटाकडून सुरुवातीकडे सरळ रेघ आली की फोड बंद होते. वक्र सुरुवातीच्या आणि शेवटच्या बिंदूंतून जातो, पण मधले दोन कंट्रोल पॉइंट त्याला नुसते आपल्याकडे ओढतात, वक्र त्यांना शिवत नाही. म्हणून कंट्रोल पॉइंट १०० उंचीवर असले तरी कमान ७५ वरच थांबते.

चारही बिंदूंचे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे आकडे घेऊन चौकट काढली तर ती १०० × १०० येते. खरी चौकट १०० × ७५. ही पहिली चूक, आणि आमच्या कोडमध्ये सुरुवातीला नेमकी हीच होती. अशी चौकट अगदीच टाकाऊ नसते. वक्र नेहमी कंट्रोल पॉइंटांच्या वेढ्याच्या आतच राहतो, म्हणून ती आकाराला कधी कापत नाही आणि गणितही पटकन होतं. दोन आकार एकमेकांच्या जवळपास तरी आहेत का, हे झटपट ठरवायला ती चांगली. शीटवर माल बसवायला मात्र ती चालत नाही.

चित्रं काढणाऱ्या तयार कोडची लायब्ररी वापरत असाल तर तिची कोणती पद्धत काय देते ते आधी बघा, कारण बऱ्याच लायब्रऱ्यांत दोन्ही असतात आणि नावं फसवी असतात. स्कियामध्ये पाथचं (आकाराच्या रेघेचं) गेटबाउंड्स कंट्रोल पॉइंट धरतं, घट्ट चौकट हवी तर कॉम्प्युटटाइटबाउंड्स. ॲपलच्या कोअर ग्राफिक्समध्ये सीजीपाथगेटबाउंडिंगबॉक्स कंट्रोल पॉइंटांसकट आकडा देतं आणि सीजीपाथगेटपाथबाउंडिंगबॉक्स त्यांच्याशिवाय. क्यूटीत कंट्रोलपॉइंटरेक्ट आणि बाउंडिंगरेक्ट अशी सरळ वेगळी नावं आहेत, ते मला आवडतं. ब्राउझरच्या एसव्हीजीत (वेबवरच्या व्हेक्टर चित्रांचं मानक) गेटबीबॉक्स आहे. तिथे मानकातच म्हटलंय की वक्रावर नसलेल्या कंट्रोल पॉइंटांनी चौकट वाढता कामा नये.

आता फोड ४५ अंशांत फिरवू. गेटबीबॉक्सने दिलेली १०० × ७५ ची चौकट घेतली, तिचे चार कोपरे फिरवले आणि त्यांच्याभोवती नवी सरळ चौकट आखली, तर रुंदी येते (१०० + ७५) ÷ √२ म्हणजे १२३.७४, आणि उंचीही तेवढीच. कंट्रोल पॉइंट फिरवून चौकट काढली तर १४१.४२ × १४१.४२. आणि फिरलेल्या फोडीची खरी चौकट? बरोबर १०० × १००.

दुकानदारांच्या शीटवर याचा अर्थ काय होतो ते बघा. शीट २४३८ × १२१९ मिमी. कडेला १० मिमी आणि दोन फोडींच्या मध्ये कापणाऱ्या टूलसाठी ३ मिमी सोडले, तर १४१.४२ च्या हिशेबाने १६ × ८ म्हणजे १२८ फोडी बसतात. १२३.७४ च्या हिशेबाने १९ × ९, म्हणजे १७१. खऱ्या १०० च्या हिशेबाने २३ × ११, म्हणजे २५३. शीट तीच आणि फोडही तीच, पण माल जवळजवळ दुप्पट.

पहिल्या तक्रारीनंतर आम्ही कंट्रोल पॉइंटांची चूक काढली आणि १२८ चे १७१ झाले. दुकानदार खूश, आम्हीही खूश, आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं. सहा महिन्यांनी त्यांच्याच कारागिराने कागदावर फोड कापली, फूटपट्टीने मोजली आणि फोटो पाठवला. तेव्हा कळलं की आमची चौकट अजूनही जवळजवळ २४ मिमीने मोठी आहे. तो फोटो आला नसता तर आम्ही १७१ वरच थांबलो असतो.

बॉक्स फिरवू नका, आकार फिरवा

चौकट म्हणजे आकाराचा सारांश. एकदा आकाराऐवजी चौकट हातात धरली की तिच्या कोपऱ्यांत आकार होता की नुसती हवा होती, ही माहिती गेली. पुढे ती चौकट फिरवताना आपण ती हवासुद्धा फिरवतो आणि तिच्याभोवती आणखी हवा गुंडाळतो. ग्रुपच्या आत ग्रुप असेल तर हे साठत जातं. १०० चा चौरस ४५ अंशांत फिरवला की चौकट १४१.४२, हे खरंच आहे. पण तो ज्या ग्रुपमध्ये आहे तोही ४५ अंशांत फिरलेला असेल आणि आपण ही १४१.४२ ची चौकट पुन्हा फिरवली, तर उत्तर येतं २००. प्रत्यक्षात चौरस ९० अंश फिरून पुन्हा सरळ उभा आहे, आणि त्याची चौकट १०० च आहे.

म्हणून क्रम असा ठेवायचा: सगळ्यात आतल्या आकारापासून बाहेरपर्यंतचे सगळे मॅट्रिक्स (सरकवणं, फिरवणं वगैरे आकड्यांत मांडणारे कोष्टक) गुणून एक मॅट्रिक्स बनवायचा, त्याने पाथचे सगळे बिंदू, कंट्रोल पॉइंटांसकट, नव्या जागी न्यायचे, आणि मग त्या नव्या वक्राची चौकट काढायची. सरकवणं, फिरवणं, लहान-मोठं करणं, तिरकं करणं या सगळ्यांत बेझिए वक्राचा एक मोठा गुण कामी येतो. कंट्रोल पॉइंट रूपांतरित केले की वक्र आपोआप रूपांतरित होतो, वेगळं काही करावं लागत नाही. पर्स्पेक्टिव्हमध्ये मात्र हे लागू नाही.

ब्राउझरमध्ये काम असेल तर मॅट्रिक्स हाताने गोळा करत बसू नका. आतल्या आकाराचा गेटस्क्रीनसीटीएम (त्याच्या मापातून स्क्रीनच्या मापात नेणारा मॅट्रिक्स) घ्या, ज्या घटकाच्या मापात चौकट हवी त्याचाही घ्या, दुसऱ्याचा व्यस्त करून तो डावीकडे ठेवा आणि पहिला उजवीकडे, मग गुणाकार. मॅट्रिक्सच्या गुणाकारात जागा बदलली की उत्तर बदलतं, आणि ते चुकीचं उत्तर कित्येकदा पटण्यासारखं दिसतं. ट्रान्सफॉर्मची, म्हणजे सरकवण्या-फिरवण्याच्या आज्ञांची, यादी लिहितानाही तेच. 'आधी ट्रान्सलेट, मग रोटेट' असं लिहिलं असेल तर आकार आधी फिरतो आणि मग सरकतो, कारण बिंदूवर उजवीकडचं आधी लागू होतं.

गेटबीबॉक्सबद्दल दोन गोष्टी सांगाव्या लागतील, कारण निम्मे घोळ इथेच होतात. पहिली, ते घटकाचा स्वतःचा ट्रान्सफॉर्म धरतच नाही, उत्तर त्याच्या आतल्या मापात देतं. दुसरी, आकाराला फिरवून त्याच्या बाहेरच्या ग्रुपवर गेटबीबॉक्स मागितलं तर फिरवणं धरलं जातं खरं, पण ब्राउझर आतल्या आकाराची चौकट फिरवून मोकळं होण्याची शक्यता मोठी. आमच्या फोडीवर तिथेच १२३.७४ आला होता. मानक घट्ट चौकट मागतं म्हणून ती मिळेलच असं धरून चालू नका, एकदा आकडा छापून बघा.

टोकं शोधायची कशी

फिरवलेल्या वक्राची चौकट म्हणजे तो डावी-उजवीकडे आणि वर-खाली सर्वांत दूर कुठे जातो ते. ही ठिकाणं दोनच प्रकारची असतात, एकतर वक्राचे शेवटचे बिंदू किंवा वक्र जिथे वळून परततो ती जागा. परततो तिथे त्या दिशेचा वेग शून्य असतो. क्युबिकचा वेग वर्गसमीकरण देतो, म्हणून शाळेतल्या गणितावरच काम भागतं.

क्ष आणि य दिशांचं गणित वेगवेगळं करायचं. एका दिशेचे चार आकडे प०, प१, प२, प३ धरले, आणि वक्रावर आपण कुठे आहोत ते टी ने सांगितलं (सुरुवातीला ०, शेवटी १), तर सोडवायचं समीकरण ल × टी² + म × टी + न = ०, जिथे

ल = प३ − ३ × प२ + ३ × प१ − प०
म = २ × (प२ − २ × प१ + प०)
न = प१ − प०

उत्तरांपैकी ० आणि १ च्या मधली टी ठेवायची, त्या जागी वक्राचा आकडा काढायचा, शेवटच्या दोन बिंदूंसोबत तुलना करायची. झालं.

आमच्या फोडीवर लावून बघू. सरळ असताना उंचीचं टोक टी = ०.५ वर, बरोबर मध्ये. ४५ अंशांत फिरवल्यावर क्ष दिशेचे आकडे (√२ ने भागायचे बाकी ठेवून) ०, −१००, ०, १०० होतात. ल = −२००, म = ४००, न = −१००. उत्तर टी = ०.२९३. तिथे वक्राचा आकडा −४१.४२, दुसरं टोक १००, फरक १४१.४२, आणि √२ ने भागलं की रुंदी १००. य दिशेला टोक टी = ०.७०७ वर सापडतं आणि उंचीही १०० येते. इथे बघण्यासारखं हे की टोकाची जागाच बदलली. सरळ आकाराची टोकं आधी शोधून ती फिरवली तर हे दोन बिंदू कधीच हाती लागणार नाहीत. 'टोकं एकदा काढून साठवून ठेवू, फिरवलं की तेवढीच फिरवू' ही युक्ती आमच्याकडेही एकाने सुचवली होती. वेगाच्या मोहात पडण्यासारखी आहे, पण तिने चौकट खऱ्यापेक्षा लहान येते, आणि ते फुगण्यापेक्षा वाईट.

कोडमध्ये एक खड्डा आहे. ल शून्य असू शकतो, तेव्हा समीकरण सरळ रेषेचं होतं आणि टी = −न ÷ म. तेवढं सगळे जण तपासतात. पण फिरवल्यानंतर दशांशांच्या खेळात ल नेमका शून्य न येता ०.००००००००००१ सारखा येतो, आणि त्याने भागलं की टी भलतीकडे जातो. म्हणून ल ची तुलना शून्याशी नको, बाकीच्या आकड्यांच्या मानाने तो किती लहान आहे ते बघा. सूत्रही स्थिर रूपात लिहा: आधी क्यू = −½ × (म + म चं चिन्ह × √(म² − ४ × ल × न)), मग दोन उत्तरं क्यू ÷ ल आणि न ÷ क्यू. यात जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी टळते.

वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांना बेझिए करायची गरज नाही. मॅट्रिक्सचे सहा आकडे ए, बी, सी, डी, ई, एफ धरले (नवा क्ष = ए × क्ष + सी × य + ई, नवा य = बी × क्ष + डी × य + एफ), तर आडवी त्रिज्या आरएक्स आणि उभी त्रिज्या आरवाय असलेल्या लंबवर्तुळाची अर्धी रुंदी √((ए × आरएक्स)² + (सी × आरवाय)²) आणि अर्धी उंची √((बी × आरएक्स)² + (डी × आरवाय)²). मध्यबिंदू मॅट्रिक्समधून न्या आणि दोन्ही बाजूंना हे आकडे लावा. १०० आणि ५० त्रिज्यांचं लंबवर्तुळ ३० अंश फिरवलं तर खरी चौकट १८०.२८ × १३२.२९ येते. चौकट फिरवून काढली तर २२३.२१ × १८६.६०.

पाथमधल्या आर्कला (वर्तुळाच्या किंवा लंबवर्तुळाच्या तुकड्याला) मात्र मी बेझिए करूनच मोकळा होतो. पाव वर्तुळाला एक क्युबिक घेतला तर त्रिज्येतली चूक जास्तीत जास्त ०.०२७ टक्के. एक मीटर त्रिज्येच्या कमानीवर ती पाव मिलीमीटरच्या आसपास जाते. साइनबोर्डाला चालते, नाजूक कामाला तुकडे दुप्पट करा.

स्ट्रोक: इथे चौकट लहान पडते

तिसरी तक्रार उलटी होती. ताऱ्याच्या लोगोची टोकं पीएनजीत कापलेली येत होती. गेटबीबॉक्स स्ट्रोक, म्हणजे कडेवर काढलेली जाड रेघ, धरत नाही, फक्त भूमिती देतं. इंकस्केप वापरणाऱ्यांना प्राधान्यांमधले 'व्हिज्युअल' आणि 'जिओमेट्रिक' असे दोन पर्याय माहीत असतील, फरक हाच. आम्ही चौकटीला चारही बाजूंनी स्ट्रोकची अर्धी जाडी जोडत होतो. दोन रेघा मिळतात तो कोपरा गोल केलेला असेल तर ते पुरतं, टोकदार ठेवलेल्या कोपऱ्याला, म्हणजे माइटर जोडाला, नाही. कोपऱ्याचा कोन जितका लहान तितकं माइटरचं टोक लांब. कोपऱ्यापासून टोकापर्यंतचं अंतर म्हणजे अर्धी जाडी भागिले साइन (कोन ÷ २). एसव्हीजीत माइटर लिमिट न सांगितल्यास ४ असते, म्हणजे टोक अर्ध्या जाडीच्या चौपट जाऊ शकतं. साधारण २९ अंशांहून लहान कोपरा असेल तर ते टोक छाटलं जातं. ब्राउझरच्या कॅनव्हासवर हीच मर्यादा १० असते, म्हणून इतक्या लहान कोपऱ्यांचा तारा एसव्हीजीत बोथट आणि कॅनव्हासवर अणकुचीदार दिसतो. घाई असेल तर अर्धी जाडी × माइटर लिमिट एवढी जागा सोडा, कापलं जाणार नाही. घट्टच हवी तर स्ट्रोकचा आउटलाइन पाथ बनवा आणि त्यावर वरचंच गणित चालवा.

ट्रान्सफॉर्ममध्ये स्ट्रोकही ताणला जातो, हे सुटतं बऱ्याच जणांच्या नजरेतून. फक्त आडवं दुप्पट केलं तर उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात. गोल जोडांच्या स्ट्रोकसाठी वरचं लंबवर्तुळाचं सूत्रच चालतं: अर्धी जाडी × √(ए² + सी²) डावी-उजवीकडे, अर्धी जाडी × √(बी² + डी²) वर-खाली. पण नॉन-स्केलिंग स्ट्रोक लावलेला असेल तर जाडी ट्रान्सफॉर्मनंतर, जशीच्या तशी. शीट कापणाऱ्या राउटर मशीनच्या टूलचंही असंच. ३ मिमीचं टूल आकार बाहेरून कापताना ३ मिमीची पट्टी उडवतं, मग तुम्ही डिझाइन कितीही मोठं करा. आमच्याकडे एकदा टूलची जागाही मॅट्रिक्समधून गेली आणि दुप्पट आकाराच्या फोडींमध्ये ६ मिमी सुटले.

अक्षरं आणि रिकामे ग्रुप

देवनागरी मजकुराची चौकट अक्षराच्या शाईभोवती नसते. एसव्हीजी तिथे प्रत्येक ग्लिफची (फॉन्टमधल्या अक्षराकृतीची) पूर्ण पेटी धरतं, म्हणजे फॉन्टने ठरवलेली उंची. 'नागपूर' मधल्या दीर्घ ऊकाराखाली किती जागा उरली, किंवा 'सर्वांना' मधला रफार आणि अनुस्वार कुठवर गेला, हे त्या आकड्यात कळत नाही. कापायचं असेल तर अक्षरं आधी कर्व्ह करून, म्हणजे साध्या वक्रांत बदलून, घ्या. कोरलड्रॉवर काम करणारे कारागीर हे फॉन्ट हरवू नये म्हणून करतातच, चौकटीसाठीही तेच बरोबर.

आणखी दोन ठिकाणी आमचे दोन-दोन दिवस गेले. रिकाम्या ग्रुपची चौकट (०, ०) जागी शून्य मापाची मिळते. ती बाकीच्यांत मिसळली की एकूण चौकट थेट शीटच्या कोपऱ्यापर्यंत ताणली जाते. मग शून्य मापाच्या चौकटी वगळा असा नियम केला, तर आडवी रेघ गायब, कारण तिची उंचीही शून्यच. रुंदी-उंचीवरून 'रिकामं' ठरवू नका. सुरुवात लहान टोक अधिक अनंत आणि मोठं टोक उणे अनंत अशा उलट्या चौकटीने करा आणि एकही बिंदू जोडला गेला नाही तरच रिकामं म्हणा. आणि पाथच्या शेवटी एकटाच राहिलेला मूव्ह-टू (रेघ न काढता नव्या जागी जाण्याची आज्ञा) असेल तर तो मोजू नका. आयात केलेल्या फायलींत असे सुटे बिंदू खूप असतात.

तपासायला आम्ही प्रत्येक वक्रावर हजार बिंदू घेतो, मॅट्रिक्समधून नेतो आणि त्यांची चौकट काढतो. बिंदूंची चौकट नेहमी सूत्राने काढलेल्या चौकटीच्या आत किंवा बरोबरीत हवी, आणि फरक अगदी बारीक. बिंदू बाहेर गेला तर टोक हुकलं, फरक मोठा तर कुठेतरी हवा शिरली. याशिवाय ती संत्र्याची फोड आमच्या चाचण्यांमध्ये कायमची आहे, ४५ अंशांत फिरवलेली, दोन ग्रुपांच्या आत. उत्तर १०० × १०० यायला हवं. १२३.७४ आलं तर कुणीतरी पुन्हा बॉक्स फिरवलाय. १४१.४२ आलं तर कंट्रोल पॉइंट मोजले गेलेत. १०० च्या खाली गेलं तर टोकं फिरवण्याआधी शोधली आहेत.